लेकीकडे वळवलेली ओढ

जिल्ह्याचा तुरुंग बंद पडून सात वर्षं झाली होती. आता तिथे मंगल कार्यालय होतं. बराक क्रमांक दोन वरपक्षाला मिळायची. तिला हवा चांगली होती.

आवारातल्या दवाखान्यात सुलभा ढवळे डॉ. काकतकर बाईंसमोर बसली होती. तिच्या नवऱ्याची, हणमंताची, दारू याच बाईंनी सोडवली होती.

"पुन्हा सांगा. सोप्यात."

"व्यसन म्हणजे मेंदूतली ओढ, सुलभाताई. ती मारली तर माणूस जेवायलाही उठत नाही. पण तिचं तोंड दुसरीकडे फिरवता येतं. त्याला आम्ही ओढवळण म्हणतो."

सरकारला हिशेब पटला होता. एका दारुड्याला वर्षभर कोठडीत पोसायच्या खर्चात दहा जणांची ओढ वळत असे, आणि ते दहाही जण कामाला जात. कोठडीतून सुटलेला आधी गुत्त्यावर जाई, मग घरी. ओढ कुठे वळवायची, ते घरच्यांनी सांगायचं. शेजारच्या लांडगेकाकूंनी 'झाडलोट' सांगितली. आता काका अख्ख्या गल्लीची अंगणं झाडतात, आणि कुणी खराटा काढून घेतला की रडतात.

सुलभाने सांगितलं, 'लेक'. इतकी वर्षं हणमंत माळ्यावर बाटल्या लपवी, सुलभा त्या शोधून मोरीत ओती, आणि या गडबडीत तेजूकडे त्याने कधी धड पाहिलंच नव्हतं.

पहिलं वर्ष सोन्यासारखं गेलं. हणमंत तिचा डबा करी, सायकल पुसे, कॉलेजात सोडायला जाई. मग आणायलाही. मग मधल्या वेळात घरी कशाला यायचं, म्हणून फाटकापाशीच बसू लागला. आता तेजू शेजारी साखर मागायला गेली तरी त्याला दरदरून घाम फुटे.

"मात्रा वाढतेच," डॉक्टर म्हणाल्या.

"उद्या ती नागपूरला चाललीय, नर्सिंगला. त्यांच्या ओढीचं तोंड परत फिरवा."

"एकदाच फिरतं हो ते."

"मग थोडे दिवस आत टाका त्यांना!"

"गुन्हा काय लावायचा? लेकीवर माया?" डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं. बराकीत कुणाला तरी हळद लागत होती. "आणि आत म्हणजे कुठे?"

सुलभा धावतच घरी आली. तेजूची बॅग दाराशी भरलेली होती. हणमंत चहा पीत बसला होता, आणि कपाखालची बशी वाजत नव्हती. कित्येक महिन्यांनी त्याचे हात स्थिर होते.

"तेजू कुठंय?"

"आहे की."

माळ्याची शिडी जागेवर नव्हती. वरच्या झडपेला नवंकोरं कुलूप होतं. आतून कुणीतरी फळीवर थापा मारत होतं.

"आई!"

"किल्ली द्या! अहो, किल्ली द्या आधी!"

"नाही," हणमंत अगदी समजूतदारपणे म्हणाला. "तू ओतून देशील. मग उद्याला काय उरेल?"