हिरव्या शालवालीचा ठावठिकाणा

"माझे बाबा चोर नाहीत हो!" एवढं बोलून ती रडायला लागली. भावजी इतके गडबडले, की पाण्याच्या पेल्याऐवजी त्यांनी आपला चष्माच तिच्यापुढे सरकवला.

पेला वहिनींनी दिला. असले गुंते सोडवणं हा वहिनींचा धंदा. त्यांच्यासोबत हिंडायचं आणि हमखास भलत्यावरच संशय घ्यायचा, हा त्यांच्या धाकट्या दिराचा, म्हणजे भावजींचा.

प्रकरण जगजाहीर होतं. तीस वर्षांपूर्वी संग्रहालयातून 'हिरवी शालवाली' हे जाड पुठ्ठ्यावर रंगवलेलं, वहीएवढं चित्र भरदुपारी नाहीसं झालं. त्यावर पुस्तकं निघाली, पैजा लागल्या, उत्तर काही सापडलं नाही. आत होत्या फक्त प्रमुख मॅडम आणि एक फ्रेमवाला. दोघांची झडती झाली, काही मिळालं नाही. उरला दारावरचा पहारेकरी. त्याच्यावर गुन्हा शाबीत झाला नाही, पण नोकरी गेली आणि 'चोर' हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

"बाबा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत," त्याची मुलगी म्हणाली. "ते आहेत तोवर सोक्षमोक्ष लावा."

मॅडम आता निवृत्त होत्या. त्यांच्या खिडकीपाशी टेबलावर दोन फोटो पालथे पडलेले दिसले, तसा भावजींनी त्यातला एक सुलटा केला.

"हात लावू नका! ऊन आलंय ना? रंग खाऊन टाकतं ते." मॅडम कडाडल्या. मग वहिनींकडे वळून म्हणाल्या, "शालवाली साफ करायला चौकटीतून काढली, टेबलावर ठेवली. फोन आला म्हणून उठले. परत आले तर गायब! फ्रेमवाला तेवढ्यात त्याच टेबलावर संग्रहालयाची पाच रेखाचित्रं मढवून, भिंतीवर टांगून हात धुवायला गेला होता."

"बाई लबाड आहे," जिन्यात भावजी कुजबुजले.

फ्रेमवाला मात्र फुशारकी मारत बसला. "पुढे काच, मग चित्र, मागे पुठ्ठा, चार खिळे! पाच चित्रांना वहीएवढे पाच पुठ्ठे दुकानातूनच कापून नेले होते. शालवाली माझ्या नजरेसही पडली नाही."

"झडतीत काय निघालं?"

"काय निघणार? हातोडी, खिळे आणि उरलेला पुठ्ठा."

"तो अजून आहे बरं का," आतून त्याची बायको म्हणाली. "पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलाय."

वहिनी उठून ते झाकण बघून आल्या.

"पिठात चित्र लपवलंय की काय?" भावजींनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सगळे संग्रहालयात जमले. ती पाच रेखाचित्रं अजून भिंतीवर होती, खिळेसुद्धा तेच.

"पाच पुठ्ठे नेले, पाच चित्रं मढवली," वहिनी म्हणाल्या. "मग एक उरला कसा?"

"जास्तीचा कापला असेल..." फ्रेमवाला चाचरला.

"काल तर पाचच म्हणालात. म्हणजे एका चित्रामागे तुमचा पुठ्ठा नाहीच. मॅडम, त्या दुपारी खोलीत ऊन होतं?"

"होतं."

"मग शालवाली कशी ठेवली होती?"

मॅडमचा चेहरा खर्रकन उतरला. "पालथी. नेहमी तशीच ठेवते मी."

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"रोजचीच सवय. ती काय सांगायची?"

"पालथी शालवाली म्हणजे नुसता पुठ्ठा! यांनी हाताला लागला तो उचलला आणि ठोकला. चोराला सगळ्यांनी शोधलं, पण चोरी झालीय का, हे कुणी विचारलंच नाही."

फ्रेमवाल्याने चौकटी उघडल्या. चौथीचा पुठ्ठा उलटताच हिरवा रंग दिसला.

"आई गं!" भावजी ओरडले.

मॅडम आणि फ्रेमवाला वहिनींना घेऊन त्याच पावली पहारेकऱ्याच्या घरी गेले. मॅडमनी हात जोडले. वहिनींनी सगळं सांगितलं.

म्हाताऱ्याने विचारलं, "तिला काही झालं नाही ना?"

"काही नाही. जशीच्या तशी आहे."

"म्हणजे माझ्या दारातून काहीच बाहेर गेलं नव्हतं," तो म्हणाला आणि पोटभर रडला. मग डोळे पुसून मुलीला म्हणाला, "चल, तिला बघून येऊ."