एम्रिस फाटकाशी उभा

मळक्या चादरींची गाडी थेट माझ्या पायावर आली आणि मी किंचाळले, "डोळे फुटले का रे तुझे?"

गाडीमागून एक डोकं वर आलं. केस विस्कटलेले, कान लालबुंद. "फुटले नाहीत... पण आत्ता कुठे कामाला लागले."

मेला! हॉस्पिटलच्या धोबीखान्यात सगळीकडे वाफ, आणि त्या वाफेत हा माझ्याकडे बघत उभा. नाव एम्रिस. पुरुषांची इमारत टेकडीच्या त्या अंगाला, आम्हा बायकांची या अंगाला, मधे सिस्टरांच्या किल्ल्यांचा खुळखुळाट. लहानपणीच आणून सोडलेलं आम्हाला तिथे. लोक मंदबुद्धी म्हणायचे. असेल बाई! पण आपल्याकडे कोण कसं बघतंय, ते मला लगेच कळतं.

शुक्रवारी हॉलमध्ये नाच असायचा. साबणानं त्याचे हात खरखरीत झालेले, तरी माझा हात अंड्यासारखा जपून धरायचा.

"पाय तुडवशील माझा," मी म्हणायची.

"तुडवला की तू रागावतेस. रागावलीस की छान दिसतेस."

"आणि एरवी?"

"एरवी... एरवीसुद्धा."

मग बातमी आली, हॉस्पिटल बंद होणार. सगळ्यांना गावात घरं मिळणार, खरीखुरी! मला आणि माझ्या शेजारच्या खाटेवरच्या मेगला स्टेशनमागचं घर मिळालं, एम्रिसला नदीपलीकडचं. आम्ही एकमेकांचे कोण, हे कुणी विचारलंच नाही. आणि आपण होऊन काही मागायची तिथे रीत नव्हती. गाडीच्या काचेतून तो दिसला, हात वर केलेला... आणि वळण आलं.

नवं घर गोड होतं, खोटं कशाला बोलू? माझी एकटीची खोली, खिडकी मागच्या बागेकडे. देखभालीला ब्रॉनवेन यायची. जिभेनं तिखट, मनानं लोणी. पहिल्याच दिवशी तिनं रिबिनीत ओवून एक किल्ली माझ्या गळ्यात घातली. मला वाटलं, सांभाळायला दिली. किल्ल्या सिस्टरांच्या असतात ना! मी ती रोज पुसायची आणि दार कुणीतरी उघडेल म्हणून वाट बघायची. एम्रिस काही आला नाही. विसरला मला... जेवणाचं ताट मी तसंच परत सरकवायची.

"मनुकांचे केकसुद्धा नकोत?" ब्रॉनवेननं विचारलं. "काय झालंय गं?"

"काही नाही."

"एवढं तोंड पाडून काही नाही? पुरुषच असणार."

मला रडूच फुटलं. तेवढ्यात शेजारच्या मिसेस प्रॉसरनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकं आत घातलं.

"ब्रॉनवेन, तुमच्या फाटकाशी रोज दुपारी एक माणूस उभा असतो. टायबिय लावून! बोलत नाही, चालत नाही, चहाच्या वेळेला निघून जातो. पोलिसांना सांगू का? आत्ताही आहे बघ."

मी समोरच्या खिडकीकडे धावले. बाहेर पाऊस भुरभुरत होता, आणि त्या भुरभुरीत माझा एम्रिस उभा होता!

"ब्रॉनवेन, दार उघड! लवकर!"

"मी कशाला? किल्ली तुझ्या गळ्यात आहे."

"ही? ही तर तुमची..."

"तुझी आहे, वेडाबाई. घर तुझं, दार तुझं."

किल्ली आधी उलटीच घातली, मग सुलटी. दार उघडलं आणि मी चपलांशिवायच फाटकापर्यंत पळाले.

"आत का नाही आलास, शहाण्या?"

"कुणी उघडलंच नाही," तो म्हणाला. "आमच्याकडचा देखभालीचा माणूस रोज फिरायला सोडतो. विचारत विचारत इथवर आलो. म्हटलं, कधीतरी उघडतील."

"अरे, कडी तुझ्या हाताशी आहे!"

"आणि तू? तू तरी कुठे बाहेर आलीस?"

खरंच की! हसू आणि रडू एकदमच आलं.

"एम्रिस... मला तू आवडतोस. नुसता शुक्रवारी नाही. रोज."

"मलाही," तो म्हणाला, आणि कान पुन्हा लालबुंद.

आत येऊन तो खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. कोटातून पाणी ठिबकत होतं. "ग्लेनिस," त्यानं हळूच विचारलं, "मी किती वेळ थांबू?"

सवयीनं मी ब्रॉनवेनकडे बघितलं. ती किटलीत पाणी भरत राहिली, वळलीसुद्धा नाही. मग माझ्या लक्षात आलं, हे मलाच सांगायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा.

"थांबू नकोस," मी म्हणाले.

त्याचा चेहरा पडला.

"राहा. इथेच... माझ्याजवळ."

"घरं देणाऱ्या ऑफिसात विचारावं लागेल हं," ब्रॉनवेन पाठमोरीच म्हणाली.

"विचार की! त्याचं सामान कधी आणायचं, ते विचार."

एम्रिस उठला. मला वाटलं, निघाला. पण त्यानं ओला कोट काढला, नीट झटकला, आणि माझ्या कोटाशेजारच्या खुंटीला अडकवला.