गंधकलेख

जळून कोसळलेल्या इमारतीची तुळई आता थेट भंगारात जात नसे. आधी ती वाचली जाई. नागपूरच्या प्रयोगशाळेत हे वाचन करणाऱ्या डॉ. मंजिरी वझलवारांसमोर आज पंचफुलाबाई मेश्राम बसल्या होत्या. त्यांचा नवरा गुणवंत एका मनोऱ्याच्या तळघरात झडपवाला होता. मनोरा पेटला, ढासळला. तळघरात अडकलेली माणसं वाचली, पण भिंतीपलीकडच्या झडपघरातल्या गुणवंतचा मागमूस लागला नाही. तो जागा सोडून पळाला, असं सांगून कंपनीने हात झटकले होते.

"मॅडम, खरं सांगा. पळाले होते का थे?"

मंजिरीने त्याच तळघराच्या तुळईचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. भिंतभर पडद्यावर पितळी रेघांचं रान उमटलं.

"पोलाद वितळायला एरवी भट्टी लागते, बाई. पण आगीत रबर, जिप्सम असलं काही जळलं की गंधक सुटतं. ते पोलादाच्या कणाकणांमधल्या फटींत शिरतं आणि तिथलं लोखंड कितीतरी कमी आचेवर पाघळतं. हवा कोंडली की गंधक पोखरतं, हवा आली की गंजाचा थर धरतो. थरावर थर. याला आम्ही गंधकलेख म्हणतो."

"दुधावर साय धरते, तसं?"

"तसंच. आणि त्या तळघरात हवा सोडणारी झडप एकच होती, हाताने फिरवायची. धूर साचला की उघडायची, आग चेतली की मिटायची. फक्त हे थर असे का, ते मला उलगडत नाही. दोन बारीक, एक जाड. पुन्हा दोन बारीक, एक जाड."

पंचफुलाबाई उठल्या. त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं.

"दोनदा जरासं, मंग पूर्ण. घरचा नळबी असाच उघडत. एकदम पिळला तर आटा तुटते म्हणत." त्यांनी वळून मंजिरीकडे पाहिलं. "नाही पळाले, मॅडम."

मंजिरीने थर पुन्हा मोजले. तिने आजवर शेकडो आगी वाचल्या होत्या. माणसाचा हात पहिल्यांदाच वाचत होती. त्या भरात पडदा बंद करायचं तिला सुचलं नाही.

"हा एवढा जाड कशाचा?" पंचफुलाबाईंनी पुढच्या एका थरावर बोट ठेवून विचारलं.

"बचावपथकाने भिंत फोडली, तेव्हा भसकन हवा आली. माणसं... इथे बाहेर पडली."

मंजिरीचा हात बटणाकडे गेला, पण पंचफुलाबाईंचं बोट पुढे सरकलं होतं. दोन बारीक, एक जाड. दोन बारीक, एक जाड. बोट पुढेच जात राहिलं, पार कापाच्या कडेपर्यंत. तिथे दोन बारीक थर होते. तिसरा नव्हता.

"लोकं तर निघून गेले होते नं," पंचफुलाबाई हळूच म्हणाल्या. "मंग ह्यायले कोणी आवाज नाही देल्ला?"