मावशीला न पाठवलेला फोटो

हे माझ्याच घरी घडलंय. लेकीची शपथ घेतली असती, पण आता तिची शपथ घ्यायची भीती वाटते.

मंगळवार होता. भर दुपारचे तीन. नवरा कामावर, सहा महिन्यांची लेक आतल्या खोलीत झोपलेली.

ओळखीच्या बाईंच्या नावानं ईमेल आला होता. सोबत 'लसीकरणाचा तक्ता'. मी क्लिक केलं. काहीच उघडलं नाही.

दहा मिनिटांत नवऱ्याचा फोन.

"अगं, आमच्या साहेबांना 'लेकीचा फोटो' म्हणून ईमेल कशाला पाठवलास? आणि तो फोटो उघडतही नाहीये."

मी कुणालाच काही पाठवलं नव्हतं.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या दादांना फोन लावला.

"ताई, व्हायरस आहे तो. तुमच्याकडचे सगळे पत्ते उचलले आणि तुमच्या नावानं सगळ्यांना धाडलं. आता कुणाचं उत्तर आलं तरी उघडू नका. तो पाठवणाऱ्याचं नावही खोटं लावतो."

सगळ्यांना...

म्हणजे मावशीलाही.

मावशीला जाऊन चार महिने झाले होते. तिला मूलबाळ नव्हतं. आजारपणात तिनं तीनदा लेकीचा फोटो मागितला. मी दरवेळी कळवलं, कॅमेरा बिघडलाय.

बिघडला नव्हता.

सासूबाई म्हणाल्या होत्या, "तिची नजर लागायला नको." आणि मी, एवढी शिकलेली, गप्प बसले. जिनं शाळा संपेपर्यंत माझ्या वेण्या घातल्या, तिची नजर.

तेवढ्यात एक उत्तर आलं...

मावशीच्या पत्त्यावरून.

मावशी सगळा निरोप सब्जेक्टच्या जागीच लिहायची. खाली कोरं. मी चिडवायचे, "पाकिटावरच पत्र लिहितेस की गं."

आताही खाली कोरंच होतं. वर लिहिलं होतं...

'फोटो मिळाला. कॅमेरा दुरुस्त झाला म्हणायचा. उजव्या पायातला मोजा निघालाय, घाल.'

आतून लेक खुदकन हसली.

मग एकदम शांत.

मी धावले. ती गाढ झोपेत होती. उजवा पाय उघडा. मोजा पलंगावर नाही, खाली नाही, कुठेच नाही.

पाय मात्र ऊबदार होता... कुणीतरी तळहातात धरून ठेवल्यासारखा.

संध्याकाळी दादा आले. त्यांनी ते उत्तर दोनदा वाचलं.

"कुणीतरी थट्टा केलीय ताई. कॅमेऱ्याचं कुणाकुणाला माहीत होतं?"

"मला आणि मावशीला."

त्यांनी व्हायरस काढून दिला, चहाही न घेता गेले.

नवऱ्याला मोज्याचं सांगितलं. नजरेचं अजून सांगायला जीभ रेटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी लेकीचा खरा फोटो मावशीला पाठवला. क्षणात परत आला. असा पत्ताच नाही म्हणे.

तेव्हापासून रोज दुपारी तीनला पाठवते. रोज परत येतो.

मोजा अजून सापडलेला नाही.