मुरलेलं घर

गृहऊष्मा प्रयोगशाळेच्या दुसऱ्या मजल्यावर एक भिंतभर पडदा होता आणि त्यावर बत्तीस घरांचे ऊष्मालेख शेजारीशेजारी उमटत असत. घरं जळगावच्या बाहेर, भादली रस्त्याला होती. प्रयोगशाळेनंच ती बांधली होती आणि तीन वर्षांपासून त्यांत माणसं राहत होती. मे महिना होता. बाहेर सेहेचाळीस अंश तापमान असताना एकतीस घरांचे लेख निवांत सरळ चालले होते. एकोणिसाव्या घरातल्या पुढच्या खोलीचा लेख मात्र वर चढत होता.

"एकेचाळीस," डॉ. गुलशेर तडवी म्हणाले. "अंगणातल्या लिंबाखाली याहून गार असेल."

डॉ. नलिनी वारके पडद्याजवळ सरकली. या घरांची रचना तिची होती आणि भिंतीतलं द्रव्य तडवींचं. त्यामुळे काही बिघडलं की दोघंही आधी एकमेकांकडे पाहत.

"पहिल्यापासून बोलते," ती म्हणाली. कोडं अडलं की ती थेट बालवाडीपासून सुरुवात करायची, आणि तडवी तिला अडवत नसत, कारण बरेचदा त्याचा उपयोग होई. "घर बांधायला जेवढा पैसा लागतो, त्याच्या कितीतरी पट पुढची पन्नास वर्षं त्यात राहायला लागतो. आपल्या भागात तो बहुतेक गारव्यावर जातो. हा आयुष्यखर्च खाली आणायचा म्हणून आपण मुरणभिंत केली. भिंतीत वाहस्फटिक आहेत. पहिलं वर्षभर ते हलते असतात. माणसं कुठं बसतात, कुठं झोपतात, स्वयंपाक कधी करतात, हे त्यांच्या अंगच्या उबेवरून शिकतात आणि त्याप्रमाणे उष्णतेच्या वाटा आखतात. वर्ष संपलं की ते घट्ट बसतात. घर मुरलं. त्यानंतर अगदी नाममात्र विजेवर भिंत माणसांजवळची उष्णता उचलते आणि माणसं नसतील तिकडे नेऊन ठेवते."

"आणि रात्री छतावरून आभाळात सोडून देते. दिवसभर मात्र ती कुठंतरी ठेवावीच लागते. उष्णता गायब होत नाही, हे माहितीपत्रकात छापा म्हणून मी सांगितलं होतं."

"जाहिरातवाल्यांनी काढून टाकलं."

"काढणारच ते."

"म्हणजे एकोणीस नंबरची पुढची खोली भिंतीच्या हिशेबानं रिकामी आहे. पण ती रिकामी नाही. लेखात स्वच्छ दिसतंय, एक मोठं माणूस आणि एक लहान मूल. दोन आठवडे होत आले."

"आणि त्यातला पहिला आठवडा खोली छान गार होती," तडवी म्हणाले. "माझं घोडं तिथंच अडलंय. भिंतीला चुकायचंच होतं, तर पहिल्याच दिवशी चुकायला हवं होतं."

दोघं गाडी काढून निघाले.

एकोणीस नंबरमध्ये पंडित भिरूड आणि कौसल्याबाई राहत. पंडितराव भुसावळला रेल्वेत होते. निवृत्त झाल्यावर, आता निवृत्तिवेतनात विजेची बिलं भरत बसायचं नाही, असं ठरवून त्यांनी हे घर घेतलं होतं. कौसल्याबाईंनी पाहुण्यांना मागच्या खोलीत बसवलं. खोली लहान होती. दोन पलंग, देव्हारा, शिलाईचं यंत्र आणि पलीकडे स्वयंपाकघर. गारवा असा की नलिनीला बाहेरच्या उन्हाचा विसर पडला. पाणी देऊन झाल्यावर कौसल्याबाई म्हणाल्या, "आता पुढची खोली पाहा."

पुढची खोली घरातली सगळ्यात चांगली होती. मोठी खिडकी, सागवानी पलंग, आरशाचं कपाट, भिंतीला फिकट निळा रंग. दार उघडताच भट्टीसमोर उभं राहिल्यासारखी झळ आली. खिडकीशी एक पस्तिशीची बाई ओल्या टॉवेलनं आपल्या मुलीचं तोंड पुसत होती. ही भिरूडांची एकुलती एक मुलगी मृणाल, आणि तिची सहा वर्षांची जुई. घामोळ्यानं जुईची मान लालभडक झाली होती.

"पहिल्या वर्षी या खोलीत कोण राहायचं?" तडवींनी विचारलं.

"कोनीच नही," कौसल्याबाई म्हणाल्या. "ही मृणालची खोली. तिच्यासाठी ठेवेल होती. गादीचं प्लास्टिकबी आम्ही काढेल नव्हतं."

"माहितीपत्रकात लिहिलं होतं," नलिनी सावकाश म्हणाली, "की पुढं जसं राहणार आहात, पहिलं वर्षभर तस्संच राहा."

"तसंच तर राहिलो," पंडितराव म्हणाले. "त्यात आमचं काय चुकलं?"

खरं तर काहीच चुकलं नव्हतं. चांगली वस्तू वापरायची नसते, ठेवायची असते, हे आपल्याकडे शिकवावं लागत नाही. घरोघरी कपाटात पाहुण्यांच्या कपबशा असतात आणि घरची माणसं कान तुटलेल्या कपातून चहा पितात. भिरूड पतिपत्नींनी कपबशीच्या जागी खोली ठेवली, एवढंच. नलिनीच्या मनात आलं, की आपण बत्तीस घरांसाठी सूर्याचा कोन मोजला, वाऱ्याची दिशा मोजली, आणि आपल्याच आईनं आयुष्यभर ज्या दिवाणखान्यात पाय ठेवू दिला नाही, तो नेमका विसरलो. तिला स्वतःचा राग आला.

"वर्षभरात एकदाही उघडली नाही?" तडवींनी पुन्हा विचारलं.

"उघडली ना. आखाजीले मृणाल आली होती, तव्हा."

अक्षय्यतृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात. सासरच्या लेकी त्या सणाला माहेरी येतात, झोक्यावर बसतात, आमरस खातात आणि परत जातात.

"किती दिवस होती?"

"आठ दिवस. नेहमीसारखी."

तडवी मटकन सागवानी पलंगावर बसले आणि गादी तापलेली असल्यानं लगेच उठले.

"सापडलं," ते नलिनीला म्हणाले. "वाहस्फटिक नुसती जागा शिकत नाहीत, क्रमही शिकतात. कशानंतर काय होतं ते. सकाळी ओट्याशी ऊब आली की तासाभरानं माणसं जेवणाच्या जागी येतात, हे कळतं म्हणून तर भिंत आधीच तयार राहते. या खोलीत वर्षभर काहीच घडलं नाही. घडलं ते एकदाच. ऊब आली, आठवडाभर राहिली, गेली. भिंतीला दुसरा धडाच मिळाला नाही. तिनं तेवढाच पाठ केला. माणूस आलं की गारवा द्यायचा. आठवडा झाला की माणूस गेलं असं धरायचं आणि घरभरची उष्णता पुन्हा इथं आणून ठेवायची."

मृणालनं ओला टॉवेल खिडकीत ठेवला.

"म्हणजे मी आठ दिवसांची पाहुणी," मृणाल म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "बरोबर आहे. इथं आल्यापासून सगळी गल्ली तेच विचारते आहे. कधी आलीस, किती दिवस आहेस. मी निघताना नितीननंही तेच सांगितलं होतं."

नितीन तिचा नवरा. त्याचं घर ती कायमचं सोडून आली होती. का, ते तिनं फक्त आईला सांगितलं होतं, आणि ऐकून झाल्यावर आईनं एवढंच म्हटलं होतं की आता जायचं नाही. ती निघाली तेव्हा नितीन दारात उभा राहून म्हणाला होता, की माहेरचे आठ दिवस लाड करतात, नवव्या दिवशी तूच फोन करशील. जूनपासून जुईला जळगावच्या शाळेत घालायचं ठरलं होतं. मृणालनं कॉलेजात नोकरीसाठी अर्जही केला होता. सगळं या खोलीच्या भरवशावर होतं.

"एसी लावतो," पंडितराव म्हणाले.

"लावता येईल, काका," नलिनी म्हणाली. "पण भिंत उष्णता आत आणून टाकणार आणि एसी ती बाहेर काढणार. दोघांचं भांडण दिवसभर चालेल आणि त्याचं बिल तुम्हाला येईल. साध्या घरापेक्षा दुप्पट तरी. ते तुम्हाला झेपणार नाही."

"भिंत पाडली तर?"

"सगळं घर एकसंध ओतलेलं आहे. एक भिंत पाडली की छतही गेलं."

"मग चौघं मागं झोपू."

"मागच्या खोलीची वाट दोन माणसांच्या उबेची आहे. चौघांनी ती तुंबेल. मग मागची खोलीही अशीच तापेल."

तडवी चष्मा पुसत होते. मनात आलेलं बोलावं की नाही, असं त्यांना वाटत असावं. शेवटी बोलले. "एक मार्ग आहे. खोली तीन-चार दिवस बंद राहिली की धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. म्हणजे मृणालताईंनी आठवडाभर राहायचं, मग चार दिवस कुठंतरी जायचं, मग परत यायचं. दर वेळी भिंत त्यांना नवीन पाहुणी समजेल. खर्च शून्य."

शास्त्रीयदृष्ट्या त्यात काहीही चूक नव्हती. पण कौसल्याबाईंचा चेहरा पाहून तडवींनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

मृणाल मात्र हसली. "नको, आई, त्यांच्यावर रागावू नकोस. मी गावात खोली बघते." तिनं कपाटाखालून बॅग ओढली आणि जुईचे फ्रॉक त्यात भरायला लागली. जुईनं विचारलं, "आपण बाबांकडे जायचं?" मृणालनं हातातल्या फ्रॉकची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

नलिनीला ते पाहवेना. तिच्या घरांनी पन्नास वर्षांचा खर्च दहाव्या हिश्शावर आणला होता. त्यासाठी तिला पुरस्कार मिळाला होता, आणि आता तिची भिंत एका पोरीला माहेरातून बाहेर काढत होती.

"व बाई," कौसल्याबाई तिला म्हणाल्या. "एक सांग मले. भितीले मानूस वळखू येतं का?"

"नाही, मावशी. तिला फक्त ऊब कळते. किती आणि कुठं."

"मंग मागच्या खोलीत तिले कोन माहीत आहे?"

"दोन माणसं. कायमची."

"आम्हीच, असं काही नही?"

नलिनीनं तडवींकडे पाहिलं. पुढचा प्रश्न काय येणार, हे दोघांनाही कळलं होतं. तो आपण विचारायला नको, असंही दोघांना वाटत होतं.

"नाही," नलिनी म्हणाली. "कोणीही दोघं."

"लहान लेकरू चालते?"

"ऊब जरा कमी पडेल. पण ती वाढेलच की."

कौसल्याबाई उठल्या. मागच्या खोलीत गेल्या, नवऱ्याच्या आणि आपल्या पलंगावरच्या चादरी काढल्या, उशा काखेत मारल्या आणि पुढच्या खोलीत येऊन सागवानी पलंगावर टाकल्या. मग मृणालची बॅग उचलून मागं नेऊन ठेवली. पंडितराव पाहत राहिले.

"आई, हे काय?" मृणाल म्हणाली. "या उन्हात तुम्ही इथं झोपणार?"

"नही. चार दिवस आम्ही माह्या भावाकडे जातो, फैजपूरले. तवर ही खोली बंद ठेव. मंग येतो. आठ दिवस राहू. मंग तुह्या काकाकडे जाऊ. मंग पुन्हा येऊ."

"आणि असं किती दिवस?"

"उन्हाळाभर. पावसाळा लागल्यावर ही भीत काय तापते?"

"दर उन्हाळ्यात?" पंडितराव म्हणाले. "अगं, घर आपलं आहे."

"आहे ना. म्हनून तर मी ठरवू राहिली." कौसल्याबाई थांबल्या. "इतकी वर्सं लेकीले पाहुनी म्हनून वागवलं. चांगली खोली देल्ली, चांगली गादी देल्ली, आन आठव्या दिवशी गाडीत बसोलं. त्याच्यात आपलं काय गेलं? आता आपन होऊ पाहुने."

पंडितरावांनी सागवानी पलंगावर पडलेली आपली उशी सरळ केली. मग त्यांनी नलिनीला विचारलं, की असं केल्यानं वर्षाचं बिल किती वाढेल. तिनं तिथल्या तिथं गणित केलं आणि सांगितलं, की एक पैसाही वाढणार नाही. मग ते आपली औषधांची पिशवी आणायला मागच्या खोलीत गेले.

प्रयोगशाळेच्या पडद्यावर एकोणिसाव्या घराचा लेख हळूहळू खाली आला. मागच्या खोलीत एक मोठी ऊब आणि एक लहान ऊब होती, आणि भिंत त्या दोघींना घरची माणसं समजून दिवसभर राबत होती. पुढच्या खोलीत ठरावीक दिवस दोन माणसं येत, भिंत त्यांचा पाहुणचार करी. नलिनीनं नव्या घरांच्या माहितीपत्रकात एक ओळ घातली: पहिल्या वर्षी घरातली एकही खोली कोणासाठी राखून ठेवू नका. जाहिरातवाल्यांनी ती काढून टाकली. तिनं पुन्हा घातली, आणि या खेपेला छापखान्यात स्वतः जाऊन बसली.

जूनच्या सुरुवातीला ती मोजमापं घ्यायला एकोणीस नंबरमध्ये गेली, तेव्हा भिरूड दांपत्य निघायच्या तयारीत होतं. आठवडा भरला होता. रिक्षा दारात उभी होती आणि पंडितराव आत बसून घाई करत होते. कौसल्याबाई पायात चपला घालत होत्या, तेवढ्यात मृणालनं आतून ताट आणलं. ताटात कुंकवाची कोयरी, तांदूळ, नारळ आणि एक नवा खण होता.

नारळ हातात घेऊन ती दारातच थबकली. ओटी माहेरून निघणाऱ्या लेकीची भरतात. लेकीनं आईची भरावी की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. कुंकू लावायला आपला हात चालेल का, असंही तिच्या मनात आलं असावं.

कौसल्याबाईंनी चपला काढल्या, उंबऱ्याच्या आत आल्या आणि दोन्ही हातांनी पदर पुढं धरला.

मृणालनं कुंकू लावलं, ओटी भरली आणि वाकून पाया पडली.

"कधी येशील?" तिनं विचारलं.

"तू बोलावशील तव्हा," कौसल्याबाई म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.