डिकीतून आलेला होकार

आधीच सांगतो, ही गोष्ट खरी आहे. आणि ती सांगताना मला भीती नंतर वाटते, लाज आधी वाटते.

कारण आमच्या घरात भूत हा शब्दच चालत नाही. पणजोबा भागुजींनी छप्पन्नच्या दीक्षेनंतर घरातलं देवदेवस्की सगळं बाहेर काढलं. तेव्हापासून आमच्याकडे लिंबू फक्त सरबतासाठी येतं.

तरीही जे झालं ते झालं.

१९ जानेवारी २०२४. शुक्रवार. दुपारचे पावणेतीन. जुन्नरमधलं माझं गॅरेज.

हो, दुपार. लख्ख ऊन होतं आणि रस्त्यावर एसटीचे हॉर्न वाजत होते.

माझं नाव प्रबुद्ध. धाकटी बहीण अमृता मातीच्या ट्रॅकवर गाडी पळवते. शर्यतीत. आमच्या भागात पोरीनं असलं काही करावं, हे अजून पुष्कळांच्या पचनी पडत नाही. तिची लाल गाडी मीच बांधली. इंजिनला जास्त जोर यावा म्हणून टर्बो बसवला, तेव्हापासून वळणावर इंजिन गचके खायचं. जोरात वळलं की टाकीतलं पेट्रोल एका बाजूला जायचं आणि पंप हवा ओढायचा. त्यामुळे मागच्या वर्षी तिचा पहिला नंबर गेला. त्या रात्री ती जेवली नाही.

म्हणून यंदा फ्युएल सेल बसवायचा ठरला. म्हणजे शर्यतीच्या गाडीची खास टाकी. बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा डबा, आत रबराची पिशवी आणि पिशवीत स्पंजासारखा फोम. पेट्रोल डचमळत नाही आणि अपघातात टाकी फुटत नाही. ती डिकीत पट्ट्यांनी आवळून बसवायची. आत हाय-फ्लो पंप, नेहमीच्या पंपाच्या दुप्पट जोराचा.

नवी टाकी परवडेना. पुण्यातल्या एकाकडून जुनी आणली. ती कुठल्या गाडीतून काढली, हे त्यानं सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही.

झाकण उघडलं तेव्हा पेट्रोलचा वास यायला हवा होता...

जळलेल्या केसांचा आला.

"जुना फोम हाय, राव. कुजला आसंल," कुशाबाकाका म्हणाले. काका मूळचे मढचे. माझ्याकडे आठ वर्षं काम करतात. आम्ही फोम बदलला, पंप नवा टाकला. वास गेला.

आता आमच्या गॅरेजचा एक नियम सांगतो. तो पप्पांचा. पप्पा, म्हणजे रविंद्र, तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. पेट्रोलच्या लाइनवर काम चालू असेल तर एक माणूस चावीपाशी आणि एक मागे टाकीपाशी. चावीवाल्यानं विचारायचं, "देऊ का?" मागच्यानं पाइप बघायचे आणि म्हणायचं, "दे." उत्तर आल्याशिवाय चावी फिरवायची नाही. अमृतालासुद्धा गाडी शिकवायच्या आधी पप्पांनी हे शिकवलं होतं.

त्या दुपारी टाकीत चाचणीपुरतं पाच लिटर पेट्रोल होतं. मी ड्रायव्हरच्या सीटवर होतो. डिकीचं झाकण वर, त्यामुळे आरशात मागचं काहीच दिसत नव्हतं. एक पाइप लावायचा राहिला होता, तो काका लावत होते.

मी विचारलं, "देऊ का?"

चावीवर बोटं ठेवून मी थांबलो.

मग...

"दे."

मी चावी फिरवली. पंप ओरडला. घूंऽऽ.

आणि पेट्रोलचा भपकारा आला.

धावत मागे गेलो. तो पाइप लावलेलाच नव्हता. फरशीवर पेट्रोलचं थारोळं. आणि डिकीपाशी...

कुणीच नव्हतं.

मी बॅटरीची वायर ओढून काढली. पाच मिनिटांनी काका आले. हातात चहाची पिशवी.

"काका, कुठं होता? दे म्हणालात ना आत्ता?"

"म्या? म्या तर चौकात व्हतो. तुमाला सांगून ग्येलो की, भाऊ."

त्यांनी सांगितलं असेल. कामाच्या नादात माझं लक्ष नसेल. पण मग 'दे' कोण म्हणालं?

काका फरशीकडे बघत राहिले. चहा ओतायचं त्यांना भानच राहिलं नाही.

घरी पप्पांना सांगितलं. ते हसले. "जेवला नव्हतास ना? उपाशी माणसाला कायबी ऐकू येतं. पाइप न बघता चावी फिरवली, ही चूक. आन् चूक माणसाचीच आसती, भुताची नसती."

मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

दुसऱ्या दिवशी बॅटरी गाडीतून काढून टेबलावर ठेवली होती. मी आणि काका डबा खात होतो.

आणि डिकीतून...

घूंऽऽ.

दोन सेकंद. मग बंद.

पुन्हा... घूंऽऽ.

काकांचा घास हातातच राहिला. "भाऊ, ही टाकी माघारी करा. माजं ऐका."

"लोणी गावची शर्यत आठ दिवसांवर आहे, काका."

"मंग ताईला तरी सांगा."

नाही सांगितलं. सांगितलं असतं तर ती हसली असती, नाहीतर घाबरली असती. घाबरून गाडी चालवणं जास्त वाईट, असं मी स्वतःला समजावलं. आज वाटतं, मला फक्त तिचा पहिला नंबर हवा होता. माझ्या हातच्या गाडीचा.

२८ जानेवारी. लोणीच्या बाहेरचं माळरान. सकाळी अकरा वाजता ऊन चटके देत होतं. धूळ, गर्दी, भेळेच्या गाड्या. अमृताची पहिली फेरी जबरदस्त झाली. एकही गचका नाही. ती उतरली ती माझ्या गळ्यातच पडली. "दादा, लई भारी केलीस गाडी!"

इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

दुसऱ्या फेरीआधी डिकीत पेट्रोलचा ओलावा दिसला. पाइपचा जोड ढिला झाला होता. तो पूर्ण काढून पुन्हा बसवायचा होता. मी डिकीत वाकलो. अमृता आत सीटवर बसली. पट्टे बांधले होते, हेल्मेट अजून मांडीवर होतं. कोपऱ्यात अंधार होता म्हणून मी उजेडाची छोटी बॅटरी दातात धरली. एका हातात पाना, दुसऱ्या हातात उघडा पाइप.

पुढून आवाज आला. "दादा, देऊ का?"

मला बोलता येईना. तोंडात बॅटरी. मी नकाराची मान हलवली, पण झाकण वर होतं, तिला दिसणार कसं? नियम होता ना. उत्तर नाही तर चावी नाही. म्हणून मी निश्चिंत होतो.

आणि मग...

"दे."

माझा आवाज. माझाच. जसा मी रोज म्हणतो तसा.

पंप सुरू झाला. पेट्रोलची धार माझ्या हातावरून खाली तापलेल्या सायलेन्सरवर गेली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. ज्वाळा. काका आग विझवायचं सिलिंडर घेऊन पळत आलेले. अमृताचा पट्टा निघत नव्हता. तिची किंकाळी अजून कानात आहे.

ती वाचली. मान आणि डावा खांदा भाजला. माझे दोन्ही हात भाजले. टाकीला साधा ओरखडाही आला नाही.

दवाखान्यात ती एकच वाक्य बोलली. "तू दे म्हणालास."

"नाही गं. शपथ घेतो."

"मी ऐकलं, दादा."

त्यानंतर तिने माझ्याशी बोलणं टाकलं. बरी झाल्यावर गाडी पुण्याला नेली, दुसऱ्या गॅरेजात. गॅरेजमध्ये लोक विचारायचे, ताई कशी आहे? मी म्हणायचो, मजेत. मला ते फार लागायचं.

जूनमध्ये लोणीच्या एका प्रेक्षकाने मला व्हिडिओ पाठवला. त्या दिवशी तो आमच्या गाडीचंच शूटिंग करत होता. त्यात मी डिकीत वाकलेला दिसतो, बाजूने. दातात बॅटरी स्पष्ट दिसते. अमृताचा प्रश्न ऐकू येतो. मी नकाराची मान हलवतो.

मग माझ्या आवाजात "दे" ऐकू येतं. बॅटरी दातातच आहे.

मी तो पप्पांना दाखवला. ज्या माणसाने जन्मभर गावात भगतांशी वाद घातला, त्या माणसाला. त्यांनी तीनदा बघितला. चष्मा काढून पुसला. पुन्हा बघितला.

मग हळूच म्हणाले, "अमृताला दावू नको. तुजी चूक व्हती, आसंच ऱ्हाऊ दे."

पप्पांच्या तोंडून हे ऐकणं मला त्या व्हिडिओपेक्षा जड गेलं.

नोव्हेंबरमध्ये कळलं की अमृता पुन्हा शर्यतीत उतरते आहे. रॅली, बावीस डिसेंबरला. त्याच गाडीने. मला राहवलं नाही. मी तिला व्हिडिओ पाठवला. दहा मिनिटांत फोन आला. दहा महिन्यांनी पहिल्यांदाच.

"मला माहितीये, दादा," ती म्हणाली.

"काय माहितीये?"

"तू बोलला नव्हतास. आवाज डिकीतून आलाच नाय. माझ्या शेजारच्या सीटवरनं आला. कानाशी."

"मग इतके दिवस माझ्याशी बोलली का नाहीस?"

ती रडत होती. "तुझी चूक आसती तर मेकॅनिक बदलून मला गाडी चालवता आली आसती. म्हणून तुझीच चूक धरली. माफ कर."

मी तरी तिला कुठे सांगितलं होतं, गॅरेजात काय झालं ते? ते तेव्हा सांगितलं. सगळं.

"टाकी काढून टाक," मी म्हणालो.

"मार्चमध्येच काढली. पंप बी. सगळं नवं बसवलंय."

"मग ठीक आहे."

तिने फोन ठेवला नाही. मग म्हणाली, "काल पहिल्यांदा चावी लावली. मागं कुणी नव्हतं. मी विचारलं बी नव्हतं, दादा..."

पुढचं तिने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

गाडी विकून टाक, म्हणालो. तर म्हणाली, "आन् जो घेईल त्याचं काय?"

रॅलीत शेजारी एक माणूस बसतोच, रस्ता वाचून दाखवायला. मला वळणाच्या रस्त्यावर उलट्या होतात, हे तिला लहानपणापासून माहीत आहे. तरी तिने मलाच विचारलं आणि मी हो म्हणालो. ती सीट रिकामी ठेवायची नाही, एवढंच आम्हा दोघांना सुचलं.

काल सराव होता. मी शेजारी बसलो, पट्टे आवळले. अमृताने चावीला हात लावला. माझ्याकडे बघून हसली, जुनी सवय म्हणून विचारलं, "देऊ का, दादा?"

"दे," मी म्हणालो.

इंजिन सुरू झालं. तिने गिअर टाकला आणि समोर बघतच विचारलं,

"दोनदा कशाला म्हणतोस?"

मी एकदाच म्हणालो होतो.

तिला काही बोललो नाही. रॅलीला अजून बारा दिवस आहेत.