ओढ कमी पडते

"कोण मेला रघुराम आहे, अगं आई! मेलवरूनच डोकं खातो. माझ्या कॉम्प्युटर मॉडेलवर त्याची सही झाल्याशिवाय मला पुण्याला येता येत नाही."

मैलापूरच्या कॉफीच्या दुकानात नीलम फोनवर खुशाल ओरडत होती. चेन्नईत मराठी कोणाला कळणार? पण तिथेच माशी शिंकली.

"मेला नाही, जिवंत आहें," मागून आवाज आला. "मीच रघुराम."

तिने घाईघाईने फोन ठेवला. "तुम्ही... मराठी?"

"आमी तंजावरचे. घरीं हीच भाषा." त्याने स्वतःची कॉफी तिच्यापुढे सरकवली. "तुमचे मॉडेलाला ओढ कमी पडत्ये. तेवढेंच लिहिलों मी."

नीलमचे कान तापले. "आमच्याकडे त्याला शोषण म्हणतात."

"अय्यो, शोषण बहु वाईट शब्द. ओढच बरी."

मॉडेल होतं एका पंपाचं, आणि पंप साधाच होता. निमुळत्या तोंडातून वाफ सुसाट सुटते आणि भोवतालची हवा आपल्याबरोबर ओढून नेते. आत हलणारं काहीच नाही. तो प्रवाह नीलम कॉम्प्युटरवर मांडायची, रघुराम शेडमध्ये खरा पंप चालवून ताडून बघायचा. तिच्या मॉडेलमधली हवा मात्र मध्येच अडून उलटी फिरायची. त्या कॉफीनंतर तो रोज तिच्या टेबलाशी येऊ लागला, आणि रोज तेच वाक्य... शांतपणे! त्या शांतपणाचाच तिला जास्त राग यायचा.

शेवटी चूक तिलाच सापडली. बाहेरच्या तोंडाशी तिने वातावरणाचा दाब दोनदा धरला होता. स्वतःवर चडफडत तिने तो सुधारला, आणि आकडे पंपाशी तंतोतंत जुळले.

तरी सही नाहीच. हिशेबासाठी प्रवाहाचे चौकोन पाडलेत ती जाळी अजून बारीक करा, म्हणाला. मग म्हणाला, वाफ थोडी ओली धरून बघा. उत्तर जागचं हललं नाही.

"आता काय अडलंय?" एका दुपारी नीलमचा तोल सुटला. "खोट दाखवा, नाहीतर सही करा."

रघुराम स्क्रीनकडे बघतच बोलला. "खोट नाही. सही केलों तर... तुमी जाणार."

तिला भयंकर राग आला. आणि त्या रागातही इतका आनंद झाला, की त्याचाच आणखी राग आला.

"म्हणून माझं काम अडवलंत?"

"होय. चुकलों."

"आधी सही करा. राहायचं की जायचं ते मी ठरवेन. तुम्ही अडवलंत म्हणून राहिले, हे आयुष्यभर ऐकून घ्यायला मी काही—"

ती एकदम थांबली. रघुरामने सही केली, मॉडेल पुण्याला पाठवून दिलं. आता तिला अडवायला त्याच्या हातात काहीच उरलं नव्हतं. मग त्याने हळूच मान वर केली.

"आयुष्यभर... म्हणालात तुमी?"

नीलमने कपाळाला हात लावला. "म्हणाले," ती चिडूनच बोलली. "आता हेही परत तपासायला मागू नका."